मुंबईची फुकटची मौज

मुंबई पाहावयास म्हणून जो मनुष्य कोंकणांतून किंवा देशावरून येतो, त्याला दाखवावयाच्या स्थळांची एक यादी प्रत्येक मुंबईकराच्या तोंडीं बसलेली असते. राणीची बाग, पालवा बंदरावरील कमान, लाँचमध्यें बसवून घारापुरी, मलबार टेंकडीवरील बाग व तेथला म्हातारीचा बूट, आणि दिवस मावळला कीं चौपाटीची वाळू व मरीन ड्राइव्हचा कठडा. यादींत एखादें स्थळ अधिक-उणें होईल, पण क्रम बहुधा हाच. आमच्या घरीं आलेल्या कित्येक पाहुण्यांना आम्हीं ह्याच वाटेनें फिरविलें आहे. आणि इतिहास शिकविण्याचा धंदा करीत असूनहि ह्या यादीला कांहीं इतिहास असेल, हा विचार आमच्या मनांत कधीं आला नव्हता. तो आला तो आमच्या एका वृद्ध मामांमुळें.

मामा राजापुराकडचे. बांध एक हात सरकला तर दोन घरांत काय होतें, हें त्यांना पुरतें ठाऊक. एका हिंवाळ्यांत ते आमच्याकडे आले असतां आम्हीं त्यांना ओव्हल मैदानावर नेलें. मैदानांत पोरांचे क्रिकेटचे अनेक डाव एकमेकांत मिसळून चालले होते. एका बाजूस विद्यापीठाचा मनोरा व उच्च न्यायालय, दुसऱ्या बाजूस चर्चगेटकडील घरांची सारखी ओळ. आम्ही इमारतींची माहिती सांगूं लागलों. पण मामांचें लक्ष इमारतींकडे नव्हतें. मैदानाकडे पाहत ते म्हणाले, “अरे, इथें वीतभर जागेला सोन्याचा भाव म्हणतोस. मग एवढी जागा मोकळी सोडली कुणीं? आणि सोडली ती कशासाठीं?” आम्हीं उत्तर दिलें, “मामा, ती पूर्वीपासूनच आहे.” ‘पूर्वीपासून’ हें इतिहासाच्या अध्यापकाला शोभणारें उत्तर नव्हे, हें बोलतां बोलतांच आम्हांला उमगलें. पुढील मजकूर म्हणजे मामांच्या प्रश्नाचें उशिरां दिलेलें उत्तर होय.

शहरांत आलेल्या पाहुण्याला जी मौज मिळते तिचे दोन वर्ग करतां येतात. एक पैसे मोजून मिळणारी, व दुसरी फुकटची. पहिलीचा इतिहास सांगणें सोपें असतें, कारण जो ती विकतो तो हिशेब ठेवतो व जाहिरात करतो. १८९६ सालच्या जुलैच्या ७ तारखेस वॅटसनच्या हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं, तेव्हां तिकीट एक रुपयाचें होतें. थोड्याच दिवसांत तोच खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहांत गेला आणि स्वस्त जागेचा दर चार आण्यांवर उतरला. दर उतरतो, गर्दी चढते, आणि कालचें नवल आजची करमणूक होतें, हा ह्या वर्गाचा बहुतेक सगळा इतिहास आहे. फुकटच्या मौजेचें तसें नाहीं. वाळूवर बसणाऱ्याची नोंद कोणी ठेवीत नाहीं, व वाऱ्याचें तिकीट कोणी फाडीत नाहीं. म्हणून ती आकाशांतून पडली आहे, असाच आपला समज होतो. परंतु जुनीं दप्तरें चाळूं लागलें म्हणजे निराळीच गोष्ट दिसूं लागते. मुंबईंत जें जें मोकळें व फुकट आहे, त्यांतील फारच थोडें कोणीं मौजेसाठीं निर्माण केलें आहे. तें कोठें भीतीनें, कोठें पाण्याच्या गरजेनें, कोठें राजाच्या मिरवणुकीनें, तर कोठें सट्टेबाजांच्या दिवाळ्यानें मागें टाकलेलें आहे; आणि लोकांनीं तेथें पाय ठेवून तें आपलें केलें आहे.

मैदानाचीच गोष्ट घेऊं. १७३९ सालच्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांची झोंप उडाली. साष्टी मराठ्यांकडे गेली, म्हणजे मध्यें केवळ माहीमची खाडी राहिली. त्या धास्तीनें किल्ल्याभोंवतीं खंदक खणण्याचें ठरलें, आणि त्यासाठीं शहरांतील व्यापाऱ्यांनीं तीस हजार रुपये वर्गणी दिली. नुसत्या खंदकानें मात्र भागत नाहीं. तटावरील तोफांना समोरचें सारें दिसलें पाहिजे, आणि चाल करून येणाऱ्याला आडोसा मिळतां कामा नये. म्हणून तटाबाहेरील झाडें तोडलीं व घरें हटविलीं. १८०३ च्या फेब्रुवारींत किल्ल्यांतील वस्तीस मोठी आग लागली, त्यानंतर ही मोकळी पट्टी आणखी रुंद करण्यांत आली. जुन्या मराठी बोलण्यांत जिला ‘कांपाचें मैदान’ म्हणत ती हीच जागा. उन्हाळा आला म्हणजे साहेब लोक किल्ल्यांतील कोंदट घरें सोडून ह्या मैदानावर समुद्राच्या वाऱ्याला तंबू ठोकून राहत, व पावसाळ्याच्या तोंडीं ते काढून घेत. जेथें शत्रूनें मरावें अशी योजना होती, तेथें लोक हवा खाऊं लागले.

शत्रु आला नाहीं. १८१८ नंतर तो यावयाचा संभवहि राहिला नाहीं. पुढें सर बार्टल फ्रिअर हे १८६२ ते १८६७ पर्यंत गव्हर्नर असतां त्यांच्या अमदानींत तट पाडण्यांत आला आणि खंदक बुजविण्यांत आला. त्या वेळीं मैदानाचा कांहीं भाग रस्त्यांत व सरकारी इमारतींत गेला, पण सगळा गेला नाहीं. आजचीं आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल व कूपरेज हे त्या एकाच पट्टीचे उरलेले तुकडे होत. तेव्हां मामांच्या प्रश्नाच्या पूर्वार्धाचें उत्तर असें, कीं ही जागा कोणीं उदारपणानें सोडलेली नाहीं. मराठ्यांच्या भयानें ती मोकळी झाली. ज्या पोरांचा चेंडू आज ओव्हलवर सीमेपार जातो, त्यांनीं चिमाजी आप्पांचें थोडें ऋण मानण्यास हरकत नाहीं.

पण भयानें मोकळी झालेली जागा भय गेल्यावर कोणाची, हा प्रश्न उरतोच. आणि तो लौकरच उपस्थित झाला. कांपाच्या मैदानावर पारशांची मुलें क्रिकेट खेळूं लागलीं होतीं, मागोमाग हिंदु व मुसलमान मुलेंहि आलीं. १८७५ मध्यें गोऱ्यांचा जिमखाना निघाला, त्यानें मैदानाचा एक भाग घेतला. आणि उरलेल्या भागावर गोरे लोक घोड्यावर बसून पोलो खेळूं लागले. घोड्यांच्या टापांनीं जमीन उखडे, व दुसऱ्या दिवशीं तेथें चेंडू सरळ उडेना. १८८१ मध्यें शेंकडों देशी खेळाडूंनीं सह्या करून गव्हर्नराकडे अर्ज केला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत एवढेंच, कीं मूठभरांच्या खेळासाठीं पुष्कळांचा खेळ मोडूं नये. हा वाद कित्येक वर्षें लांबला. सरकार एकदां इकडे झुके, एकदां तिकडे. अखेर बॅक बेच्या कांठीं भरणी केलेल्या जमिनीवर पारशी, मुसलमान व हिंदु जिमखान्यांस जागा देण्यांत आल्या. ह्या तडजोडींत एक वाईट गोष्ट झाली ती अशी, कीं खेळाची विभागणी जातवार झाली. परंतु एक चांगली गोष्टहि झाली: मैदान हें सर्वांचें आहे असें म्हणण्यास सह्यांचा कागद लागतो, हें लोकांना कळलें.

आतां पाहुण्याकडे वळूं. हा पाहुणा फार जुना नाहीं. १८५३ च्या एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली. तो एकवीस मैलांचा प्रवास चारशें निमंत्रितांनीं केला, पण तो पाहिला मात्र दुतर्फा उभ्या असलेल्या अफाट लोकांनीं. मुंबईची पहिली मोठी फुकटची मौज ती हीच म्हणावयास हवी. दहा वर्षांनीं, १८६३ मध्यें, आगगाडी बोरघाट चढली व देशावरचा मनुष्य पनवेलीचें गलबत न धरतां थेट मुंबईंत उतरूं लागला. त्याच सालीं गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ प्रसिद्ध झालें. शहर पाहण्याजोगें आहे व तें मराठींत सांगण्याजोगें आहे, हें मत तोंपर्यंत रुजलें होतें हें उघड आहे. १८७४ मध्यें घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या, १९०७ मध्यें विजेच्या आल्या. ट्रामच्या खिडकींत बसून ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत जाणें, हीच कित्येक पाहुण्यांची मुंबई होती. १९६४ च्या मार्चअखेर शेवटची ट्राम गेली, तेव्हां लोक तिला निरोप द्यावयास रस्त्यावर आले होते. आणि निरोप हा केवळ वाहनाला कोणी देत नाहीं.

ह्या पाहुण्यासाठीं मुद्दाम केलेलें असें एकच स्थळ आमच्या यादींत सांपडतें, तें म्हणजे राणीची बाग. १८६२ च्या नोव्हेंबरांत ती लोकांसाठीं उघडली. तिच्या शेजारच्या वस्तुसंग्रहालयासाठीं जगन्नाथ शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं झटून पैसा उभा केला, व तें १८७२ मध्यें खुलें झालें. आज तें भाऊ दाजींच्याच नांवानें ओळखलें जातें. ह्या संग्रहालयाच्या आवारांत एक दगडी हत्ती आहे. मुलें त्याच्यापुढें क्षणभर थांबतात व जिवंत प्राण्यांकडे पळतात. २०१७ पासून तर तेथें पेंग्विन आहेत, मग दगडाच्या हत्तीला कोण विचारतो? पण हा हत्ती सामान्य नव्हे. घारापुरीच्या बंदरावर तो उभा होता, व त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटाला ‘एलिफंटा’ हें नांव दिलें. १८१४ मध्यें त्याची मान व डोकें निखळून पडलें. १८६४ मध्यें त्याला विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हां उचलतांना तो फुटला. ते तुकडे राणीच्या बागेंत येऊन पडले, व १९१४ च्या सुमारास ते जुळवून हत्ती पुन्हा उभा करण्यांत आला. विलायतेच्या वाटेवर फुटला म्हणून तो आपल्याकडे राहिला. मुंबईंतील पुष्कळ चांगल्या वस्तूंचें चरित्र असेंच आहे.

घारापुरीस जावयाचें तर पालवा बंदरावर यावें लागतें. तेथील कमान राजासाठीं बांधलेली. पंचम जॉर्ज १९११ च्या डिसेंबरांत येथें उतरले, तेव्हां ही कमान नव्हती. केवळ तात्पुरता मंडप होता. १९१३ मध्यें पायाचा दगड बसला, जॉर्ज विटेट यांच्या नकाशाप्रमाणें काम चाललें, व १९२४ च्या डिसेंबरांत व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनीं ती उघडली. ज्या स्वागतासाठीं ती कल्पिली तें केव्हांच होऊन गेलें होतें. पुढें १९४८ च्या फेब्रुवारींत शेवटची गोरी पलटण ह्याच कमानीखालून चालत जाऊन बोटीवर चढली, आणि १९६१ मध्यें समोरच शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. राजा एकदांच आला. तेव्हांपासून येथें रोज येतात ते कबुतरांना दाणे टाकणारे, फोटो काढून घेणारे व लाँचची वाट पाहणारे. लाँच तासाभरांत बेटावर पोंचते. सुमारें चौदाशें वर्षांपूर्वीं डोंगरांत कोरलेल्या त्या त्रिमुख शिवापुढें मनुष्य आपोआप हळू बोलूं लागतो. १८७५ मध्यें इंग्लंडच्या युवराजांना ह्याच लेण्यांत मेजवानी दिली होती; शिवाच्या गाभाऱ्यासमोर पानपात्रें मांडलेलीं कशीं दिसलीं असतील, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. आज तेथें शेंगदाण्याची पुडी सोडणाऱ्या मुलालाहि रखवालदार हटकतो, तें योग्यच आहे.

मलबार टेंकडीवरची बाग पाण्याच्या पायीं झाली. तेथें शहराचा मोठा जलाशय आहे. तो झांकावयास हवा होता म्हणून १८८१ च्या सुमारास त्याच्या पाठीवर माती घालून बाग केली. खालीं शहराची तहान व वर शहराची हवा. ह्याच बागेंत १८९९ मध्यें हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना लोक सावेदादा म्हणत, त्यांनीं विलायतेहून आणविलेल्या यंत्रानें दोन मल्लांच्या कुस्तीचें चित्र घेतलें. वॅटसनच्या हॉटेलांत एक रुपयाला मिळालेली करमणूक तीनच वर्षांत मराठी माणसानें टेंकडीवर नेऊन स्वतः बनविली. समोरील कमला नेहरू उद्यानांतील म्हातारीचा बूट पुष्कळ पुढचा, १९५२ नंतरचा. त्यांत चढण्यासाठीं पोरें जी रांग लावतात तिला मात्र इतिहासाची जरूर नाहीं.

शेवटीं समुद्राचा कांठ. मुंबईंत संध्याकाळीं पाहुण्यास कोठें न्यावें, हा प्रश्न आज पडत नाहीं. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसावें, पाठ शहराकडे करावी, आणि दिवे लागूं लागले म्हणजे वळून राणीचा हार पाहावा. पण ज्या जमिनीवर आपण बसलों आहों ती दोन फसलेल्या धाडसांची कमाई आहे. पहिलें १८६४ चें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचा भाव चढला, मुंबईंत पैशाचा पूर आला, व बॅक बे बुजवून जमीन काढण्यासाठीं एक मोठी कंपनी निघाली. तिचा पांच हजारांचा भाग अनेक पटींनीं विकला गेला. १८६५ च्या वसंतांत तें युद्ध थांबलें. १ जुलैस वायद्यांचे दिवस भरले. आणि शहरांतील बड्या बड्या पेढ्या एकामागून एक बसल्या. बॅक बेच्या कांठीं पुढें जी अरुंद पट्टी निघाली ती मुख्यतः रेल्वेच्या कामीं आली. दुसरें धाडस लॉर्ड लॉइड गव्हर्नर असतांना, १९२० च्या सुमारास सुरू झालें. आठ भागांत समुद्र हटवावयाचा होता. चिखल टाकावा व लाटांनीं न्यावा असा प्रकार झाला, खर्च वाढत गेला, आणि वीर नरिमन यांनीं त्यांतील गैरकारभार चव्हाट्यावर आणला. चौकशी झाली, व आठ भागांपैकीं चारच तेव्हां पुरे झाले. त्यांतील दोहोंच्या कडेनें १९४० पर्यंत मरीन ड्राइव्हचा रस्ता तयार झाला, व त्यावर त्या काळच्या नव्या घाटाचीं घरें उठलीं. २०१८ मध्यें ह्या घरांना व ओव्हलभोंवतींच्या इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला. आणि ज्यानें ह्या भरणीचे वाभाडे काढले, त्याच नरिमनांचें नांव तिच्या दक्षिण टोंकाला मिळालें.

चौपाटीची वाळू ह्या रस्त्याच्या उत्तर टोंकाला आहे. ती भेळेसाठीं प्रसिद्ध आहे आणि तें यथायोग्यच आहे. कैरीचा आंबटपणा व खारा वारा ह्यांचा मिलाफ अन्यत्र साधत नाहीं. परंतु ह्याच वाळूवर १९२० च्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेस, भर पावसांत, लोकमान्यांच्या देहास अग्नि दिला गेला. ती स्मशानभूमि नव्हती. लोकांना दुसरी कोणतीहि जागा पुरली नसती म्हणून ती जागा. दर वर्षीं गणपति येथेंच पाण्यांत जातात. जेथें एरवीं मुलें वाळूचे किल्ले करतात, तेथेंच प्रसंग आला म्हणजे सबंध शहर उभें राहतें. उत्सवाची, शोकाची व भेळेची जागा एकच असणें हें शहराचें मोठें भाग्य आहे, आणि तें भाग्य जागा फुकट असल्यामुळें आहे. तेथें फाटक असतें, तर पहिले दोन उपयोग झालेच नसते.

येथें एक आक्षेप आम्हीच घेतला पाहिजे. फुकट म्हणजे कोणाला फुकट? पाहुण्याच्या दृष्टीनें जो किनारा आहे तो कोळ्यांच्या दृष्टीनें कामाची जागा आहे. जाळें वाळविणें, होडी ओढणें, मासळी उतरविणें ह्यांना वाळू लागते. भरणीची प्रत्येक हकीकत आम्हीं वर मोठ्या चवीनें सांगितली. तिच्यांत समुद्र मागें हटला असें आपण म्हणतों, पण समुद्राबरोबर समुद्रावर जगणाराहि मागें हटला, हें आपण म्हणत नाहीं. हा प्रश्न जुना झालेला नाहीं. २०२४ मध्यें किनारी रस्त्याचा पहिला भाग वाहनांस खुला झाला. त्याचें काम चालू असतां वरळीच्या कोळ्यांनीं हरकत घेतली, कीं पुलाचे खांब इतके जवळ येत आहेत कीं लाटांत होड्या सुखरूप जाणार नाहींत. पुष्कळ भांडल्यावर दोन खांबांमधील अंतर वाढविण्यांत आलें. १८८१ मधील खेळाडूंचा अर्ज व वरळीकरांची हरकत ह्यांत आम्हांला एकच सूत्र दिसतें. मोकळी जागा मोकळी राहते ती कोणीतरी वेळेवर ‘ही आमचीहि आहे’ म्हणून उठतो म्हणून. ओव्हलचेंच पाहा. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्याची अगदीं दुर्दशा झाली होती; तेथील रहिवाशांनीं न्यायालयांत दाद मागितली, त्याची निगा अंगावर घेतली, म्हणून तें आज हिरवें आहे.

मामांच्या प्रश्नाचा उत्तरार्ध ‘कशासाठीं’ हा होता. त्याचें उत्तर आम्हीं त्यांना पुढील भेटींत दिलें: मामा, ती जागा तोफेसाठीं सोडली होती. ते हंसले, आणि म्हणाले, “तोफ गेली, जागा राहिली, बरें झालें. पण आतां राखतो कोण?” हा प्रश्न इतिहासाचा नव्हे, म्हणून त्याचें उत्तर आमच्या पुस्तकांत नाहीं. जें अपघातानें मिळालें तें अपघातानेंच जाऊंहि शकतें. त्याला कोणी निर्माता नाहीं, म्हणून त्याला कोणी वालीहि नाहीं, पाहुण्यांना तेथें घेऊन जाणाऱ्या आपणांखेरीज. पुढल्या वेळीं पाहुणा घरीं येईल तेव्हां त्याला यादीप्रमाणें अवश्य फिरवावें, भेळ खाऊं घालावी, कठड्यावर बसवावें. मात्र ही जागा आपली कशी झाली, हेंहि त्याला दोन शब्दांत सांगावें.